इंचभर कमी

घरावर मजला चढवायचं ठरलं आणि माझ्या फोनवर जिन्यांचा पाऊस सुरू झाला. पाठवणारी भाची. हुबळीला आर्किटेक्चर शिकते, त्यामुळे मामाचं घर म्हणजे तिची हक्काची पाटी. काचेच्या कठड्याचा जिना, पुस्तकांच्या कपाटातून वर जाणारा जिना, पेटीच्या पट्ट्यांसारखा काळा-पांढरा रंगवलेला जिना. आणि एक तर असा, की भिंतीतून नुसत्या फळ्या बाहेर आलेल्या; खाली आधार नाही, बाजूला धरायला काही नाही. "मामा, हा करूया की! तरंगता जिना." मी तो फोटो आईला दाखवला. तिनं चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "काम अर्धं टाकून गवंडी कुठं गेला?"

आमच्या मिस्त्रींनी फोटो पाहिला, मग आमच्या नऊ इंची विटांच्या भिंतीवर दोनदा टिचकी मारली. असल्या जिन्याला भिंतीच्या पोटात लोखंडी गर्डर लपवावा लागतो, नाहीतर भिंतच काँक्रीटची लागते. "तुमच्या भिंतीत फळी घातली तर फळी राहील ओ, भिंत खाली येईल." विषय संपला. भाची दोन दिवस गप्प होती.

मला खरं तर जिना म्हटला की आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या काकांच्या घरातला दादर आठवतो. 'जिना' हा शब्द फारसीतून आलेला, शेजारच्या कन्नड काकू पायरीला 'मेट्टिलु' म्हणतात. पण त्या घरात दादरच. खाली सोप्यात माग आणि वर माडी. दादर दोन भिंतींच्या मध्ये, भरदुपारीही अंधार. कठडा नाहीच, वरच्या तुळईला बांधलेला जाड सोल लोंबत असायचा, गाठी मारलेला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तेलकट झालेला. तो धरूनच चढायचं. प्रत्येक पायरी मधोमध झिजून बशीसारखी झालेली, सागवानाच्या शिरा वर आलेल्या. आजी उतरायची ती पाठमोरी, शिडीवरून उतरावं तशी, आणि पायरी पायानं चाचपत खालच्याला ओरडून सांगायची, "कोण वर येऊ नका रे, मी हाय." वरच्या तोंडाशी झडप. रात्री ती खाली टाकली की वरचे वर, खालचे खाली.

पुढं काकांच्या आणि त्यांच्या भावाच्या वाटण्या झाल्या. खालचं एकाला, माडी दुसऱ्याला, आणि दादर सामाईक. बोलणं बंद, पण पाणी वर न्यायचं तर दादर तोच. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या पावलांचा अंदाज घेत चढत-उतरत राहिले. फ्रान्समध्ये शांबोर नावाचा राजवाडा आहे, १५१९ साली बांधायला घेतलेला. त्यात एकाच खांबाभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेत. एकावरून चढणारा आणि दुसऱ्यावरून उतरणारा यांना मधल्या झरोक्यांतून एकमेक दिसतात, गाठ मात्र पडत नाही. राजानं कशासाठी बांधला कोण जाणे, गरज आमच्या काकांना होती. प्रकरण शेवटी कोर्टात गेलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण आमच्या भागात हे सांगायचं कुणाला? महाराष्ट्रानं घातलेला सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

परवा भाचीला घेऊन त्या दादराला मापपट्टी लावली. चढ, म्हणजे पायरीची उंची, नऊ इंच; पाऊल, म्हणजे पाय टेकायची रुंदी, सात इंच. ती हसली. तिला कॉलेजात शिकवलेलं एक सूत्र आहे, सतराव्या शतकातल्या ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञाचं: दोन चढ आणि एक पाऊल यांची बेरीज माणसाच्या एका ढांगेएवढी यावी, म्हणजे ६० ते ६५ सेंटीमीटर, आपले २४-२५ इंच. नऊ दुणे अठरा आणि सात, पंचवीस. ब्लोंदेलचं नाव न ऐकलेल्या शहापूरच्या सुताराची बेरीज बरोबर. जागा कमी म्हणून त्यानं पाऊल कापलं, पण मग चढ वाढवला.

आमच्या नव्या जिन्याला जागा बरी होती. बाहेरून काढला असता तर वर विद्यार्थी भाडेकरू ठेवता आले असते; इथं निम्म्या घरांचे जिने त्याच हिशेबानं बाहेर असतात. पण आमच्या पावसात बाहेरच्या पायऱ्यांवर शेवाळ किती धरतं ते मी पाठीनं अनुभवलंय. आतच केला. साडेसहाचा चढ, अकराचं पाऊल, बेरीज चोवीस. मिस्त्रींनी खडूनं भिंतीवर आखणी केली आणि बोटानं मोजत गेले: लाभ, नष्ट, लाभ, नष्ट... एकोणिसावी लाभ. शेवटची पायरी लाभाची आली, आई खूश. पायऱ्यांवर इळकलचा लाल ग्रॅनाइट, आणि आईची टाच घसरू नये म्हणून कडेला तीन-तीन खाचा. भाचीनं कठड्याला काच मागितली होती, तिला लोखंडी सळ्या मिळाल्या. जिन्याखाली इन्व्हर्टर, एक पाटा-वरवंटा आणि कुणाचं तरी हेल्मेट हे आपोआप आलं.

वरच्या मजल्यालाही ग्रॅनाइट घालायचा होता, पण तोवर पैसे आटले. टाइल्स घातल्या. मिस्त्रींनी मसाल्यासकट दोन इंचांची फरशी धरून पायऱ्या ओतल्या होत्या. टाइल्स एका इंचात बसल्या, वरची जमीन इंचभर खाली राहिली. म्हणजे अठरा पायऱ्या साडेसहाच्या आणि शेवटची साडेपाचची. लाभाच्याच पायरीवर इंचभर नुकसान, आणि दोष आमच्याच काटकसरीचा.

डोळ्यांना ते दिसत नाही. पायाला कळतं. अठरा पायऱ्यांत पाय हिशेब पाठ करतो, एकोणिसावीला तेवढाच उचलतो, आणि जमीन इंचभर उशिरा लागते. धप्प! पहिल्या महिन्यात घरातले सगळे आपटले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका भुयारी स्टेशनाच्या जिन्यात एकच पायरी किंचित उंच होती, तिथं माणसामागून माणूस ठेचकाळायचा. २०१२ साली कुणीतरी त्याचं चित्रण केलं आणि ती लगेच दुरुस्त झाली. आमच्याकडे चित्रण करायला भाची आहे, पण फोडायचं म्हटलं तर एकोणीस पायऱ्या.

आता घरातल्यांचे पाय सरावलेत. वरून धप्प आवाज आला की आई स्वयंपाकघरातून म्हणते, "पाव्हणं आलंय, चहा ठेव."

गेल्या आठवड्यात टिळकवाडीत एका मित्राच्या नव्या बंगल्यात गेलो होतो. सुंदर जिना, सगळ्या पायऱ्या एकसारख्या. मी बोलत बोलत चढलो आणि शेवटच्या पायरीला माझा अंगठा सणसणून ठेचकाळला. "सांभाळून ओ!" म्हणत तो वाकून पायरी बघायला लागला.