ससा लावला तरी कासव का होतं? तुम्ही विचारलंत म्हणून

"मोटर तर तुम्हीच खोलून बांधलीत, मग ससा लावला तरी चढावर पोकलेन कासव का होतं?" ससा आणि कासव म्हणजे वेगाच्या बटणावरची चित्रं, जलद आणि हळू. अंबडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये हा प्रश्न इतक्यांदा येतो, की फोन वाजला की उत्तर आधी तोंडात येतं: बिघडलं नाही म्हणून होतं.

यावर समोरचा गप्प होतो आणि मनात म्हणतो, मिस्त्री हात झटकतोय.

तर एकदा नीट सांगतो. ट्रॅव्हल मोटर म्हणजे चेन फिरवून मशीन चालवणारी मोटर. तिच्या आत बॅरल, म्हणजे भोकांचा गोल ठोकळा असतो, त्यात पिस्टन, आणि पिस्टनच्या पुढे तिरकी स्वॉश प्लेट. दाबाचं तेल पिस्टन ढकलतं, तो तिरक्या प्लेटवरून घसरतो, त्यातून बॅरल फिरतो. प्लेट जास्त तिरकी असेल तर पिस्टनचा स्ट्रोक लांब, म्हणजे एका फेऱ्याला तेल जास्त लागतं. पंप मिनिटाला 200 लिटर देतोय असं धरा. फेऱ्याला 160 सीसी पिणारी मोटर 1250 फेरे मारेल. प्लेट सरळ करून तेच 100 सीसीवर आणलं, म्हणजे ससा लावला, तर 2000. पण 300 बार दाबाला पहिलीचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, साधारण 764 न्यूटन मीटर, दुसरीचा 477. गळती आणि घर्षण सोडून दिलंय. पंप तोच, दाब तोच. वेग घेतलात की ताकद द्यावी लागते.

चढावर दाब ठरलेल्या आकड्यापुढे गेला की प्लेट आपोआप पुन्हा तिरकी होते, म्हणजे कासव. काही मशिनांत हे काम व्हॉल्व्ह करतो, काहींत सेन्सर आणि कंट्रोलर. कसारा घाटात ट्रकवाला गिअर खाली घेतो, तेव्हा गिअरबॉक्स गेला असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र माझं बिल अडतं.

"मग प्लेट अजून सरळ करून द्या ना, वेग वाढेल." हेही विचारतात. पंपाची प्लेट जवळजवळ शून्यावर नेता येते, तेल येणं थांबतं, बस. मोटरची नेली तर टॉर्कच उरत नाही. म्हणून तिथे किमान कोनाला स्टॉपर असतो. तो मी घासून देणार नाही, दुसरीकडे जा.

दिंडोरीकडचं ते शेततळ्याचं काम मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. वीस टनी मशीन, डावीकडे ओढत होतं, मोटरमधली गळती बाहेर नेणाऱ्या ड्रेन पाइपातून तेल भसाभस येत होतं. म्हणून फक्त डावी मोटर बांधली. पुढच्याच आठवड्यात पाऊस झाला. काळी माती चेनला चिकटून रोलर दिसेनात. ससा लावला की मशीन चार हात पळायचं आणि परत कासवावर यायचं. मालकांनी मला बांधावर बोलावलं, दहा माणसांसमोर म्हणाले, "जुने पिस्टन टाकलेत तुम्ही."

बकेट बाजूला टेकवून एकेक चेन उचलली. कासवात तीन फेरे, सशात तीन फेरे, घड्याळ लावून. डावी-उजवी बरोबर. तेवढ्यात त्यांचा मुलगा म्हणाला, "हवेत कुठलीही चेन फिरेल, काका." पोरगं बरोबर बोललं होतं, गळती उघडी पडते ती लोडवरच. मग चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, स्प्रॉकेटमध्ये, अडसर घालून मोटर दाबावर धरली, ड्रेनचं तेल बादलीत घेऊन मोजलं. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, मॅन्युअलच्या मर्यादेच्या आत.

मी जिंकलो असं वाटलं. मालक शांतपणे म्हणाले, "म्हणजे नवी बांधलेली मोटर जुन्यासारखीच चालते. मग पैसे कशाचे घेतलेत?"

याला मी काय सांगणार होतो? निम्मं बिल अजून यायचंय.

पूर्वी मी म्हणायचो, मालकाला आतलं समजावत बसू नये, मशीन द्यावं आणि पैसे घ्यावेत. आता समजावतो आणि पैसेही बुडतात, तेव्हा पूर्वीचा मी अगदीच मूर्ख होतो असं म्हणवत नाही. आणि खरं सांगायचं तर तुमचा संशय दरवेळी खोटा नसतो. कोन कमी असताना फेऱ्याला तेल कमी, पण गळती फारशी कमी होत नाही. झिजलेली मोटर आधी सशातच लंगडते. कधी वेग बदलणारा व्हॉल्व्हच अडकतो, मग कोरड्या सपाट रस्त्यावरही ससा लागत नाही. फोनवरून हे आणि चिखलातलं कासव मला सारखंच ऐकू येतं.

म्हणून फोन करण्याआधी कोरड्या सपाट जागी, तेल गरम झाल्यावर, दोन्ही चेन एकेक उचलून तीन-तीन फेऱ्यांचा वेळ मोजा, कासवात आणि सशात. चार आकडे लिहून ठेवा. त्या पोराचं म्हणणं लक्षात आहे, लोडचं मी येऊन बघेन. पण येण्याजाण्याचं भाडं आधी.