शेजारी बांधकाम निघालं तेव्हा

मुलाचं लग्न ठरलं म्हणून शेजारच्या काकांनी मागच्या अंगणात दोन खोल्या काढायच्या ठरवल्या. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. त्यांचं घर मागे तोकडं, त्यामुळे आईच्या खोलीची एकुलती एक खिडकी त्यांच्या अंगणाच्या बाजूला उघडते. नवी भिंत तिथेच हद्दीला लागून येणार, हे ऐकून पोटात गोळा आला.

आधी वकिलांना विचारलं. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात २० वर्षं विनाखंड, विनातक्रार मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क मानतात, पण उजेड बराच कमी होतो हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. रोज ज्यांचं तोंड बघायचं त्यांच्याशी खटला मला नकोच होता.

मग सरळ काकांकडे गेले. "काका, नक्शा बघू का?" नक्शा अजून पास व्हायचा होता, म्हणून बदलायला वाव होता. मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ प्रमाणे प्लॉटच्या मापानुसार एमओएस, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडावी लागते. दोन्ही रजिस्ट्र्यांतल्या चतुःसीमा काढून एकत्र बसून टेपने मोजलं, तर मागे सोडायच्या मोकळ्या जागेतली एक पट्टी नक्शात कमी धरलेली निघाली. नक्शा नव्याने काढताना खिडकीसमोर छोटा चौक सोडायला काका तयार झाले.

खरी काळजी पुढेच होती, पायाची. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यात जुन्या भिंतीलगत खोल चर खणला की भिंतीखालची माती सरकू शकते. काकांच्या इंजिनिअरने नीट समजावलं. हद्दीवरच्या कॉलमचं फुटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद पाया, मध्यावर घेतलं तर अर्धं आमच्या जमिनीत येईल, म्हणून ते आतल्या बाजूला सरकवून आतल्या कॉलमशी बीमने बांधायचं. मी दोनच गोष्टी धरून बसले: चर एकदम पूर्ण लांबीचा उघडायचा नाही, तुकड्या-तुकड्याने खणायचा, आणि पायाचं काम पावसाआधी संपवायचं.

काम सुरू होण्याआधी आमच्या प्रत्येक भिंतीचे फोटो काढून, तारीख घालून, दोघांनी सह्या केल्या. छज्जा हद्दीबाहेर येणार नाही, छताचं पाणी त्यांच्याच बाजूला उतरेल, नुकसान झालं तर दुरुस्ती त्यांच्या खर्चाने, हेही लिहून नोटरी केलं. काका दुखावले. "एवढा अविश्वास, बेटा?" मी म्हटलं, "काका, तुमच्यावर विश्वास आहे. पण पुढे इथे तुमचा मुलगा आणि माझी मुलगी राहतील, त्यांना काय ठरलं होतं ते कसं कळणार?" त्यावर काकूंनीच पेन आणून दिलं.

पायाच्या वेळी आमच्या जोत्यापाशी एक बारीक भेग पडली. फोटोत ती नव्हती, त्यामुळे वाद झालाच नाही; काकांनी ठेकेदाराला बोलावून भरून घेतली. चौक मला हवा होता त्याहून लहान झाला आणि आईच्या खोलीतलं दुपारचं ऊन गेलं, याचं वाईट वाटतं. वारा मात्र येतो.