दोन ठिपके

दुपारी फुलदाणीतली लिली जरा सरकवायला गेले आणि पांढऱ्या बाहीवर गंजासारखा केशरी डाग उमटला. लिलीचा पराग ओल्या हाताने पुसायचा नसतो. कणांवर तेलकट लेप असतो, चोळला की रंग धाग्यात मुरतो. चिकटपट्टीने अलगद उचलायचा. तसा उचलला आणि ती पट्टी उजेडात धरून बघत बसले.

परागकण म्हणजेच झाडाची पुरुषपेशी, असं सगळे सर्रास म्हणतात. पण लिलीचा कण परागकोशातून निघतो तेव्हा आत दोन पेशी असतात : एक नळी वाढवणारी, दुसरी जननपेशी. कण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाच्या टोकावर, टेकून नळी वाढू लागली की वाटेत कुठेतरी जननपेशीचे दोन भाग होतात, तेच खरे पुंयुग्मक, म्हणजे पुरुषपेशी. म्हणजे बाहीवर कण सांडले तेव्हा या पुरुषपेशींचा अजून जन्मच व्हायचा होता.

शाळेत ही परागनलिका मी फार मन लावून काढायचे. पेन्सिलीला पुन्हापुन्हा टोक करायचं, खोडरबर जपून वापरायचं, आणि नळीच्या शेंड्याशी दोन ठिपके. दोनच का, हे वर्गात कुणी विचारलं नाही. मार्क नावं देण्याला होते.

त्या ठिपक्यांना शेपूट नसते, ही मात्र मला जरा अवनतीच वाटते. नेच्यांचे आणि शेवाळींचे पुंयुग्मक पाण्याच्या पातळ थरातून स्वतः पोहत जातात. गिंकोसारख्या मोठ्या वृक्षातही ते पोहतात. ते प्रथम पाहिलं १८९६ साली जपानच्या हिरासे साकुगोरो यांनी, आणि ते विद्यापीठात चित्रं काढायच्या नोकरीवर लागलेले! (चित्रं काढणाऱ्यांबद्दल मला उगाच आपुलकी आहे.) फुलझाडांत सगळा प्रवास नळीचा. मक्याच्या कणसाच्या केसातून ती वीतभराहून लांब वाढते आणि हे दोघे नुसते वाहून नेले जातात.

दोन का, ते १८९८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी दाखवलं, तेही लिलीतच. एक अंडपेशीला मिळतो, त्याचं रोप होतं. दुसरा शेजारच्या मध्यपेशीत शिरतो, त्याचा भ्रूणपोष होतो. गहू, तांदूळ, मका यांच्या दाण्यातला पिठूळ भाग तो हाच. त्याच्यापासून पुढे कुणी जन्मत नाही. बी रुजताना कोंब त्याला खाऊन संपवतो. त्याआधी आपल्या हाती लागला, तर आपण.