दोष कोणात होता?

मूल नाही म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला: 'मग दोष कोणात होता?' लग्नाला १९ वर्षं झाली, अजून येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

पहिली चार वर्षं हे कुणी विचारलंच नाही, कारण उत्तर सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. माझ्या पाळीच्या तारखा सासूबाईंना पाठ होत्या. सोनोग्राफ्या झाल्या, सोळा सोमवार झाले, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला औषध सोडून काढतात तो एक्स-रेही झाला. तो फार दुखला. यांची वीर्यतपासणी मात्र पाचव्या वर्षी, तीही डॉक्टरबाई अडून बसल्या तेव्हा. खरं तर सगळ्यात सोपी तपासणी ती. ना सुई, ना भूल. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, की दोघांनी एकदमच तपासून घ्यायचं असतं. बाईची पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच. आमची चार वर्षं नाहक गेली.

त्याच वर्षांतलं एक डोहाळजेवण. ओटी भरायला मी ओंजळीत तांदूळ घेतले, तेवढ्यात आत्येसासूबाई म्हणाल्या, "तू राहू दे गं, आत पुऱ्यांचं बघ." मी तांदूळ परत ताटात सोडले. कुणी काही बोललं नाही. तिथे माझी आईही होती.

मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. आपली भाषा अजून तिथवर पोचलेली नाही. कूस उजवायची ती बाईची, वांझ म्हणायचं तेही बाईलाच. पुरुषासाठी शब्द आहे तो नामर्द. शुक्रजंतू कमी असण्याचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही, तरी त्या शब्दाच्या धाकाने पुरुष तपासणीला जात नाहीत आणि सुया बायका टोचून घेतात.

आमच्या रिपोर्टांत काय निघालं ते मी सांगत नाही. तो आजार होता, त्याला दोष म्हणायला मी तयार नाही.

पुतण्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं. 'काही विशेष?' हे आता सुनेला विचारलं जातंय, आणि दोघांना मूल हवं आहे हे मला ठाऊक होतं. मागच्या महिन्यात त्याला गच्चीवर नेलं आणि म्हटलं, आधी तू तपासून घे.

"काकू, मी?"

मी मान डोलावली. सोमवारी तो जाऊन आला.