पबातलं भजन

रविवार, ३० नोव्हेंबर
शेफिल्ड

दुपारी आईला फोनवर सांगितलं, "भजनाला गेले होते." खोटं नव्हतं ते. "कुठल्या देवळात गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मात्र मी विषय तिच्या गुडघ्यांवर नेला.

देऊळ नव्हतं. शेफिल्डच्या पश्चिमेला, लॉक्सलीच्या खोऱ्यावर टेकडीला चिकटून बसलेल्या एका खेड्यातला पब होता. नाव लिहीत नाही, तिथे आधीच पाय ठेवायला जागा नसते. शेजारचे काका घेऊन गेले. काका म्हणजे मनातल्या मनात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नावानं हाक मारायची इथली रीत तीन वर्षांत माझ्या जिभेला जमलेली नाही, आणि काका म्हटलेलं त्यांना कळणार नाही. म्हणून मी त्यांना हाकच मारत नाही. समोर जाऊन उभी राहते. ते "नाऊ दॅन, लव" म्हणतात (हा इथला नमस्कार), की बोलणं सुरू.

मॅलिन ब्रिजपाशी ट्रामचे रूळ संपतात, तिथून गाडी चढाला लागली. या खोऱ्यात १८६४च्या मार्चमध्ये रात्री वरचं डेल डाइक धरण फुटलं, किमान २४० माणसं गेली. काका दर वेळी याच वळणावर ते सांगतात. मीही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करते. आज पाऊस नव्हता, पण ढग इतके खाली होते की मेंढ्या कुठे संपतात आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळेना.

बाराला पाच मिनिटं असताना पोचलो. म्हणजे उशीरच. बाकं भरलेली, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं, शेकोटीसमोर एक म्हातारा कुत्रा आडवा. खिडक्यांच्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या, आणि ओल्या लोकरीच्या कोटांचा तो वास, आपल्याकडे पावसाळ्यात एसटीत घोंगड्यांचा येतो तसा. एका बाकाच्या टोकाला कोणीतरी सरकून मला सहा इंच जागा दिली. काका खांबाला टेकून उभे राहिले, म्हणाले, उभ्यानं आवाज चांगला लागतो.

मिरजेत मी एकटी कधी परमिट रूमच्या दारात उभी राहिले असते का? मुळात त्या नावातच सगळं आलं. १९४९च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून ती परमिट रूम. काळ्या काचा, लाल दिवा, आत शिरताना मान खाली, आणि बायकामुलांसाठी मागच्या दारानं वेगळा फॅमिली विभाग. इथे माझ्या शेजारी एक आजी विणकाम घेऊन बसल्या होत्या. दोन मुली लिंबूसरबत पीत गणिताचा गृहपाठ करत होत्या. पब म्हणजे मूळ शब्द पब्लिक हाउस, सगळ्यांचं घर, हे पाठ होतं. पाठ असणं आणि त्या आजींच्या लोकरीचा गुंडा माझ्या पायात अडकणं यात फरक आहे.

आता एलबद्दल, म्हणजे इथल्या पारंपरिक बिअरबद्दल. पहिल्या वर्षी मीही तेच म्हटलं होतं जे आपल्यातला प्रत्येक जण म्हणतो: ही बिअर कोमट आहे आणि हिच्यातला गॅस गेलाय. दोन्ही चूक. आपल्याला सवय फ्रीजमधल्या, बाटलीला घाम फुटलेल्या लागरची. पिंपातली एल तळघरात अकरा ते तेरा अंश सेल्सियसला ठेवतात. माठातल्या पाण्याचा जसा गारवा असतो, दात न शिवशिवणारा, त्या जातीचा. आणि गॅस वरून सोडलेलाच नसतो. सातूला मोड आणायचे, भट्टीत वाळवायचे, त्याचं गोड पाणी काढून त्यात हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुलं, उकळायची, मग यीस्ट घालून आंबवायचं. इथवर सगळ्या बिअरची गोष्ट साधारण एकच. पण ही एल पिंपात भरून पबच्या तळघरात आली तरी आतलं यीस्ट जिवंत असतं, काम चालूच असतं. रात्री भिजवून ठेवलेलं इडलीचं पीठ जसं आपण झोपलो तरी थांबत नाही, तसं. म्हणून पबवाल्याच्या हाताला महत्त्व. पिंप हलवायचं नाही, गाळ बसू द्यायचा, बरोबर वेळी खुंटी काढायची, आणि एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवायचं. नाहीतर आंबट. १९७१ साली 'कॅमरा' नावाची ग्राहकांची संघटनाच निघाली, हे असं पिंपातलं काम बंद पडून सगळीकडे कारखान्यातून गॅस भरून आलेली बिअर होईल या भीतीनं. दारू चांगली मिळावी म्हणून चळवळ! आमच्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. गळ्यात माळ होती त्यांच्या.

त्या माळेचा मला इथे भलत्याच ठिकाणी उपयोग होतो. एल नितळ दिसावी म्हणून पूर्वापार तिच्यात आयझिंग्लास घालतात. माशाच्या पोटातला हवेचा फुगा वाळवून केलेला पदार्थ, तो यीस्टला धरून तळाला नेतो. पेल्यात मासा उरत नाही म्हणतात, पण मला कळल्यापासून घशाखाली उतरेना. आता विचारूनच घेते. आज एका हँडपंपावर 'अनफाइन्ड' अशी खडूनं लिहिलेली पाटी होती, म्हणजे न नितळवलेली. तीच अर्धा पाइंट मागितली. बारवरच्या बाई म्हणाल्या, "थोडी गढूळ दिसेल हं." म्हटलं, चालेल, आमच्याकडे ताकही गढूळच असतं. त्यांना ताक कळलं नाही, पण हसल्या.

हँडपंप मला बघत राहावासा वाटतो. लाकडी मुठीचा उंच दांडा. बाईंनी पेला तोटीला लावून दांडा संथपणे पोटाशी ओढला, हापशाला ओढतात तसा, पण घाई नाही. एक. दोन. तिसरा अर्धाच. तोटीच्या टोकाला इथे उत्तरेत बारीक भोकांची चकती लावतात, त्यातून दाबून आल्यामुळे सायीसारखा फेस येतो. पेल्यात आधी सगळं ढवळलेल्या मातीसारखं दिसतं. मग खालून वर, बोटभर बोटभर करत, तांबूस रंग उघडत जातो. फेस वर जाऊन बसतो. तोवर पेल्याला हात लावायचा नाही, असं काकांनी शिकवलंय. चव आधी भाजलेल्या पावाच्या कडेसारखी, आणि गिळल्यावर मागून मेथीच्या भाजीचा असतो तसा कडवटपणा. पहिल्या घोटाला आवडत नाही. तिसऱ्याला आपण गप्प होतो.

पण मी एलसाठी गेले नव्हते.

कोपऱ्यात कीबोर्डवर बसलेल्या बाईंनी मान वर न करता एक नाव पुकारलं आणि खोलीतली सगळी माणसं, हातात पेला, तोंडात बटाटा, गायला लागली. सगळी. बघायला आलेलं कोणी नाही, मंच नाही, माइक नाही. शेफिल्डच्या आसपासच्या खेड्यांत ११ नोव्हेंबरच्या युद्धस्मरणदिनानंतरच्या रविवारपासून बॉक्सिंग डेपर्यंत, म्हणजे २६ डिसेंबरपर्यंत, हे चालतं. नाताळची गाणी, पण मॉलमध्ये वाजतात ती नव्हेत. यांची स्वतःची.

ही गाणी पबात कशी आली, तो भाग मला सगळ्यात आवडतो. दोनशे वर्षांपूर्वी ती चर्चमध्येच होती. गावातलेच चांभार, विणकर, शेतमजूर चर्चच्या पश्चिमेकडच्या सज्जात फिडल, क्लॅरिनेट, बेस घेऊन बसायचे आणि वाजवायचे. एक आवाज ओळ उचलतो, दुसरा मागून धावत येतो, तिसरा त्याला गाठतो, असा धिंगाणा. एकोणिसाव्या शतकात नव्या विचारांच्या पाद्रीलोकांना हे गावंढळ वाटलं. सज्जे उतरवले, ऑर्गन बसवले, पांढऱ्या झग्यातली मुलं उभी केली. गाणाऱ्यांनी गाणी उचलली आणि समोरच्या पबात नेली. बाकीच्या इंग्लंडात ती बहुतेक विरली, या टेकड्यांवर राहिली. इयान रसेल नावाच्या अभ्यासकांनी पुढे ती जमवली, छापली, म्हणून आता आमच्यासारखे बाहेरचे लोकही येतात आणि गर्दी करतात. (दोघं जण पूर्ण वेळ फोन उंच धरून चित्रण करत होते. एका आजोबांनी त्यांच्या हातात शांतपणे गाण्यांची वही ठेवली. फोन खाली गेला.)

काका लग्नानंतर कधी चर्चमध्ये गेलेले नाहीत. देव मानता का विचारलं तर म्हणतात, "डिसेंबरपुरता."

दुसरी गंमत चालींची. मेंढपाळ रात्री कळप राखत बसलेत आणि देवदूत येतो, हे नेहम टेट या कवीचं गीत. १७०० साली छापलेलं. ओळीत आठ अक्षरं, मग सहा, परत आठ, परत सहा. हा साचा इतका सर्रास की त्या मापाची कुठलीही चाल त्याला बसते. म्हणून या एका गीताच्या इथे डझनभर तरी चाली गातात. एक संपली की बाई दुसरीचं नाव पुकारतात आणि मेंढपाळ परत पहिल्यापासून राखण करायला बसतात. एक चाल तर थॉमस क्लार्क या कँटरबरीच्या चांभारानं बांधलेली. १८०५ची. तिच्यावर पुढे यॉर्कशरच्या लोकांनी माळरानावर टोपी न घालता फिरणाऱ्या माणसाचं चेष्टेचं गाणं रचलं, आणि आता सगळ्यांना ती टोपीवाल्याचीच चाल वाटते.

मला एकदम आजोबांचं एकादशीचं भजन आठवलं. अभंग तोच, पण सखारामबुवांच्या चालीत घ्यायचा की पंढरपूरच्या, यावरून मृदंगावर थाप पडायच्या आधी पंधरा मिनिटं वाद. एकदा एक टाळकरी रुसून पायरीवर जाऊन बसले होते. तिथूनच टाळ वाजवले त्यांनी. हे मी काकांना सांगितलं तर ते गंभीर झाले आणि खालच्या खेड्यात तिसरी ओळ कशी चुकीची गातात ते सांगू लागले.

मध्ये एक गाणं आलं, त्यात येशूचं नावच नाही. हसऱ्या सकाळी, ये. तुझ्या येण्यानं अंधार पळतो, एवढंच. चक्क भूपाळी. दुपारी एक वाजता, पेले अर्धे रिकामे, आणि शंभरेक माणसं घसा ताणून सूर्याला उठवतायत. बाहेर त्या सूर्याचा पत्ता नव्हता.

पहिली दोन वर्षं मी तोंड मिटून बसले होते. शब्द ठाऊक नाहीत, धर्म आपला नाही, रंगही आपला वेगळा दिसतो, उगाच कशाला. आज तसं जमेना, कारण मागे उभे असलेले तिघे पुरुष खर्ज लावत होते आणि तो बाकाच्या पाठीतून माझ्या पाठीत उतरत होता. मेंढपाळांच्या चौथ्या चालीला माझ्या तोंडून आवाज निघाला. शब्द नाहीत, नुसता आकार. शेजारच्या आजींनी विणकाम मांडीवर ठेवलं, वही माझ्याकडे सरकवली आणि सुईनं ओळ दाखवली. त्या वरचा सूर गात होत्या, मला खालचा मिळाला. तो गाण्यासारखा वाटतच नाही. एकाच सुरावर बराच वेळ उभं राहायचं, आणि अचानक सगळ्यांच्या आधी उडी मारायची. उडी चुकली. दुसऱ्या कडव्यालाही चुकली. तिसऱ्याला लागली, आणि आजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मला फार बरं वाटलं.

दोन वाजता थांबलं. थांबायच्या आधी भाजलेल्या बटाट्यांचं ताट फिरलं, फुकट, वर मीठ भुरभुरलेलं. मी दोन घेतले. काकांचा पुढचा पेला माझ्या पैशानं होता, तर त्यांनी अर्धा पाइंटच घेतला. गाडी चालवायची होती.

आईला फोन घरी येऊन केला, तिथे रात्रीचे साडेआठ वाजले होते. उद्या एकादशी, तिची साबुदाणा भिजवायची घाई. गुडघ्यांचं सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "प्रसाद काय होता?" म्हटलं, बटाटे. "उपासाचेच की," म्हणाली, आणि ठेवला.

आत्ता रात्रीचे दहा. विजेच्या बिलाच्या मागे खालचा सूर देवनागरीत लिहायचा प्रयत्न चाललाय. सा सा सा सा, मग ती उडी, पंचमावर की धैवतावर ते आठवत नाही. पुढच्या रविवारी साडेअकराला निघायचं ठरलंय. माझा उजवा हातमोजा तिथेच बाकाखाली राहिला आहे, कुत्र्याच्या बाजूला.