सहा कॅरेट की सोळा

मोर्शी-वरूड पट्ट्यात माल वाहायच्या गाड्या विकायला लागून मला अकरा वर्षं झाली. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा लागला की आमचाही हंगाम लागतो. पण त्या दिवशी शोरूमसमोर जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं.

संत्र्याचे बागायतदार काका आले होते बोलेरो पिकअप पाहायला, एक पूर्णांक सात टनांची. मागोमाग त्यांचा पोरगा आला तो कोण्या कंत्राटदार मित्राची टोयोटाची हायलक्स पिकअप घेऊन. चार दारांची, उंच, काळी कुळकुळीत. आमच्या मेकॅनिकांनी हातातले पाने खाली ठेवले.

"बाबा, अमेरिकेत शेतकरी अशीच गाडी वापरते," पोरगा म्हणाला.

त्याचं खोटं नव्हतं. फोर्डची एफ-सीरिज तिथे चाळीसहून जास्त वर्षं सगळ्यात खपणारा पिकअप ट्रक आहे. मी काकांना त्यातली गंमत सांगितली. युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवर कर वाढवला, म्हणून अमेरिकेने 1964 साली बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर 25 टक्के कर बसवला. तो आजही आहे, म्हणून तिथे घरच्याच कंपन्यांचं राज्य.

"कोंबडीपायी?" काका म्हणाले. "बरं हाय बाप्पा."

थायलंडात पिकअपला कारपेक्षा कर कमी, म्हणून तिथे घरोघरी पिकअप. दक्षिण आफ्रिकेत तिला 'बक्की' म्हणतात. आपली महिंद्राही तिथे डरबनला पिकअप जोडते. मी रंगात आलो होतो. काका मात्र हायलक्सच्या मागे जाऊन वितीने डाला, म्हणजे माल ठेवायची जागा, मोजत होते.

"कॅरेट आना बरं."

आमच्याकडे रिकामे कॅरेट, म्हणजे संत्री भरायचे क्रेट, असतातच. हायलक्सच्या डाल्यात चाकांच्या उंचवट्यांमध्ये पहिला थर लावला. सहा. सातवं तिरपं बसत होतं. मग पिकअपच्या नऊ फुटी डाल्यात लावले. सोळा. काकांनी दोन्ही आकडे बोटांवर धरून पोराकडे पाहिलं. तोंडाने काहीच नाही.

परदेशात हायलक्स एक टन माल वाहणारी गाडी म्हणून विकतात. आपल्याकडे 2022 साली ती आली तीच चौतीस लाखांच्या घरात, हौशी लोकांसाठी. चौतीस लाखात आमच्याकडे तीन पिकअप येतात आणि वर डिझेलचे पैसे उरतात. पण हे पोरासमोर बोललो नाही. त्याचं तोंड आधीच उतरलं होतं.

सौदा पिकअपवर आला. मी फॉर्म काढला अन् काकूंचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला होता.

"दोनच सीटा हायेत म्हन्ते पोट्टा. मंग शेगावले जाचं तं म्या अन् पोरी काय डाल्यात बसू?"

मला हसू आवरेना. 1932 साली ऑस्ट्रेलियात एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र पाठवलं होतं असं सांगतात. रविवारी चर्चला जाता यावं आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता यावीत, अशी एकच गाडी द्या म्हणून. त्यातून 1934 मध्ये त्यांची 'यूट' निघाली, पुढे कार अन् मागे डाला. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हन्जे तिथंबी हेच हाय!"

मी बोलेरोचीच चार दारांची कॅम्पर दाखवली. पाच जण बसतात, मागे एक टन जातो. डाला आखूड, पण काकूंचा प्रश्न मिटला. पोरगाही थोडा खुलला, चार दारं तर होती. पाच हजार टोकन घेऊन मी पावती फाडली आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज दोन भांडणं मिटवली.

तिसऱ्या दिवशी काका एकटेच आले. पावती टेबलावर ठेवली.

"कॅम्पर राहू द्या. ते सोळावाली लिहा."

"आणि काकू?"

"मीच हिशोब करून दाखवला. एका खेपेचं काम दोन खेपांत होते, डिझेल जाते. तं म्हने, मंग राहू द्या, आमी एसटीनं जाऊ. बाईले हाफ तिकीट हाय."

फॉर्मवर रंगाची जागा रिकामी होती. विचारलं तर म्हणाले, "पोट्ट्याले फोन लावा. थे त्याले ठरवू द्या."