किनारा-सफर: भरती सांगेल तसं (नोंद चौथ्या दिवसापर्यंतची)

मागच्या सफरीत आम्ही दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर कापले. यादी लांबलचक झाली, पण डोळे भरून पाहिला असा पक्षी त्यात एकही नव्हता. म्हणून या वेळी दिवसाला फार तर 40 किलोमीटर, आणि कुठे किती थांबायचं ते भरती ठरवेल. गाडी ताई चालवते, नोंदी माझ्याकडे.

पहिल्या दिवशी खाडीच्या मुखाशी पोचलो ते भर दुपारी, ऐन ओहोटीला. चिखल पार क्षितिजापर्यंत उघडा पडलेला आणि त्याच्या टोकाला हलणारे ठिपके. दुर्बिणीतूनही ठिपकेच. अमावस्या नुकतीच होऊन गेल्यामुळे उधाणाचे दिवस, पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे हटलेलं. याचीच दुसरी बाजू अशी की भरतीलाही ते तितकंच वर येणार आणि पक्ष्यांना आपल्याकडे ढकलणार. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास हीच वेडर्स, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चरणारे किनाऱ्यावरचे पक्षी, बघायची खरी वेळ.

दुसऱ्या दिवशी ती वेळ बरोबर साधली आणि मीच घालवली. साठेक मीटरवर बार-टेल्ड गॉडविट आणि ग्रे प्लोव्हर या वेडर्सचा थवा टेकलेला. नीट दिसावं म्हणून मी खाली उतरले आणि सवयीने दार लावलं. त्या आवाजासरशी अख्खा थवा उठला, तीन घिरट्या घेऊन पलीकडच्या दांड्यावर गेला. उडताना ग्रे प्लोव्हरच्या पंखाखालचा, काखेतला काळा डाग स्वच्छ दिसला, ओळख पक्की झाली. पण अशी ओळख नको. 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर कुठेही न उतरता गेला, अकरा दिवस सलग. एवढ्या उड्डाणासाठी हे पक्षी अंगात चरबी साठवतात, निघण्याआधी त्यांचे पचनाचे अवयवसुद्धा आक्रसतात. अशा जिवाला आपण विनाकारण उठवतो तेव्हा त्याच्या शिदोरीतूनच घेत असतो. त्या दिवसापासून पक्षी समोर असताना गाडीतून उतरणं बंद. काच अर्धी खाली, तिच्या कडेवर वाळूची पिशवी, पिशवीवर दुर्बीण. गाडीला पक्षी बुजत नाहीत, माणसाच्या आकृतीला बुजतात.

तिसरा दिवस सँडरलिंगचा. पूर्ण सकाळ एकाच वाळूवर काढली, गाडी जेमतेम 9 किलोमीटर चालली. लाट मागे सरली की हे चिमुकले पक्षी तिच्या मागे धावत सुटतात, ओल्या वाळूत चोच दोन-तीनदा खुपसतात आणि पुढची लाट पायाला लागायच्या आत परत फिरतात. पाय इतके भरभर चालतात की दिसतच नाहीत, नुसतं अंग घरंगळत गेल्यासारखं वाटतं. पाणी ओसरून ते पुढे गेल्यावर पावलांचे ठसे पाहिले: पुढची तीन बोटं, मागे काहीच नाही. सँडरलिंगला मागचं बोट नसतं हे वाचून माहीत होतं, वाळूवर पहिल्यांदाच वाचलं.

खडकाळ टोकाला चार टर्नस्टोन होते. एकाने आपल्या डोक्याएवढा शिंपला चोचीने उलथवला, खाली काही मिळालं नाही, मग शेजारचा. संध्याकाळी एक ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी, मासा घेऊन गेला, माशाचं तोंड पुढे, अगदी वाऱ्याच्या रेषेत धरलेलं. बाकी कुरव आणि सुरय मोजायचे राहिलेच.

आज सकाळी मात्र मोठी गोष्ट घडली. पाणी चढत असताना एक गॉडविट थव्यातून सुटून चाळीस मीटरवर आला आणि त्याच्या पायावर खूण दिसली, अक्षरं असलेली छोटी पट्टी, अभ्यासक एकेक पक्षी ओळखता यावा म्हणून लावतात तशी. पहिली दोन अक्षरं वाचली, तिसऱ्याच्या वेळी त्याने तोच पाय पोटात घेतला आणि चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपला. पाऊण तास आम्ही दोघी श्वास रोखून बसलो. पाय काही बाहेर आला नाही. अंदाजाने अक्षर लिहायला ताई सुचवत होती, मी नोंदीत तिसरी जागा रिकामी ठेवली आहे.

आजची भरती 8.40 ची होती. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे उद्या साडेनऊच्या आसपास. पुढचा मुक्काम एक दिवस लांबवलाय. उद्या साडेसातला त्याच जागी, काच अर्धी खाली.